रायव्हल ही नोंद कमी करणेबाबत

हळ्ळीखेड (बी)
२९ सप्टेंबर २०२४

चि. सुधारानीस मुत्त्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र आषाढात आलं आणि मी उत्तर भादवा संपताना लिहितोय, त्याची आधी माफी माग‍तो. आजोबांनी नातीची माफी मागू नये असं तुझी आजी म्हणते, पण चूक ती चूक. पाकीट आणलं तर त्याचा डिंक सुटलेला निघाला. दुसरं आणलं, तर तुझ्या होस्टेलचा पिनकोड शिवमामानं कॅलेंडरच्या ज्या पानावर लिहून ठेवला होता, त्या पानात तुझ्या आजीनं पापड बांधून बहिणीला पाठवून दिले होते. पापड संपल्यावर पान परत आलं. तेलकट आहे, पण आकडे दिसतात.

फोन का केला नाही म्हणशील. मला कमी ऐकू येतं म्हणून शिवमामा फोन मोठ्या आवाजावर लावतो आणि सगळी गल्ली ऐकते. अंबाजीचं घर मागच्याच गल्लीत आहे, आणि हा विषय त्याच्या कानावर जाता कामा नये.

अंबाजी तुला आठवत असेल. ओढ्याच्या पलीकडचं रान त्याचं. लहानपणी त्यानं तुला त्याच्या बोरीची बोरं दिली होती, तेव्हा मी त्याच्याशी आठ दिवस भांडलो होतो. तर १७ तारखेला पंचायतीपुढं मुक्तिदिनाचं झेंडावंदन झालं. पाणलोटाच्या कामावरचे एक इंजिनिअर साहेब आले होते. लांबचे आहेत, त्यांना कन्नडही येत नाही आणि मराठीही. आमच्या ओढ्यावरचा मातीचा बांध पाहून ते खूश झाले होते. बांध पावसाळ्यात वाहून जातो आणि कोजागिरी झाली की आम्ही पुन्हा घालतो, हे तुला ठाऊक आहे. मी माझ्या काठापासून मधल्या काळ्या धोंड्यापर्यंत, अंबाजी त्याच्या काठापासून धोंड्यापर्यंत. एकमेकांच्या अर्ध्याला हात लावायचा नाही, हे आमच्या वडलांपासून चालत आलं आहे. मग धोंड्यापाशी हातभर जागा उरते. ती त्याच्या वाटणीची आहे असं मी म्हणतो, तो माझ्या म्हणतो. दोन दिवस ओरडाआरडा होतो, तिसऱ्या दिवशी दोघंही ओरडत ओरडत ती बुजवतो, आणि पाणी अडतं. एक दिवस त्याची मोटार चालते, एक दिवस माझी.

साहेबांनी भाषण इंग्रजीत केलं. मला तीनच शब्द कळले. वीरण्णा, अंबाजी आणि रायव्हल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सत्कार झाला. शाल एकच आणली होती, ती साहेबांनी आम्हा दोघांच्या खांद्यांवर मिळून घातली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी अंबाजीला खेटून उभा होतो. शाल कुणाच्या घरी जाणार यावर एकमत झालं नाही, म्हणून ती पंचायतीतच आहे. शिपाई तिनं कॉम्प्युटर पुसतो.

तू इंग्रजीत एम. ए. करतेस. तेव्हा सांग, रायव्हल म्हणजे काय? मान दिला असेल तर अंबाजीला का दिला? शिवी दिली असेल तर शाल का दिली? अंबाजी सगळं कळल्यासारखा हसत होता, त्यामुळे मला कुणाला विचारता आलं नाही.

होस्टेलच्या पंख्याखाली झोपू नकोस. हळ्ळी गावात एकाच्या अंगावर पडला होता.

तुझा मुत्त्या,
वीरण्णा


कडगंची
६ ऑक्टोबर २०२४

मुत्त्या, शरणु शरणार्थी.

पत्राला पापडाचा वास येत होता. आम्ही दोघींनी, म्हणजे मी आणि माझ्या खोलीतल्या मैत्रिणीनं, ते तीनदा वाचलं.

काळजी करू नका, शिवी नाही. रायव्हल म्हणजे प्रतिस्पर्धी. ज्याच्याशी आपली चढाओढ असते तो. पण शब्दाचं मूळ शोधलं आणि मी खुर्चीतून उठलेच. हा शब्द लॅटिनमधून आला आहे, म्हणजे जुन्या रोमन लोकांच्या भाषेतून. त्या भाषेत 'रीवुस' म्हणजे ओढा, पाट. आणि एकाच ओढ्याचं पाणी घेणारे जे दोघं, ते एकमेकांचे 'रिवालिस'. त्यांच्या कायद्याच्या जुन्या पुस्तकातसुद्धा हा शब्द याच अर्थानं आहे. पाणी एक म्हटल्यावर तंटा आलाच. म्हणून पुढे त्याचा अर्थ चढाओढ करणारा असा झाला.

आमच्या वर्गात साठ जणांनी हा शब्द हजारदा वाचला असेल. पण खरेखुरे ओढ्यावरचे रायव्हल फक्त माझ्या ओळखीचे निघाले! सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, या दोघांना एकदा बघायला पाहिजे.

पंख्याचा स्क्रू मी पाहिला. पक्का आहे.

तुमची,
सुधारानी


हळ्ळीखेड (बी)
१४ ऑक्टोबर २०२४

चि. सुधारानीस आशीर्वाद.

तू सहज लिहिलंस, पण माझं जेवणावरून लक्ष उडालं. दसऱ्याची पोळीसुद्धा गोड लागली नाही.

कायद्याच्या पुस्तकात आहे, असं तूच लिहिलंस. त्या ओळीखाली मी लाल रेघ मारली आहे. आता नीट विचार कर. सरकारी माणसानं, सरकारी समारंभात, झेंड्याखाली उभं राहून, चारशे लोकांसमोर जाहीर केलं की मी अंबाजीचा रायव्हल आहे. म्हणजे ओढा दोघांचा. ओढा दोघांचा म्हणजे मधली हातभर जागाही दोघांची. ती माझी नाही हे मी चाळीस वर्षं घसा फोडून सांगतोय, आणि त्या दिवशी निमूटपणे शाल पांघरून घेतली! ही तर कबुली झाली. तरीच अंबाजी हसत होता. त्याची नात कुठंतरी इंग्रजी शिकते असं ऐकलं आहे, तिनं त्याला आधीच पढवलं असणार.

म्हणून मी दसऱ्याआधीच तालुक्याला, हुमनाबादला जाऊन आलो. कचेरीबाहेर शरणप्पा अर्ज लिहायला बसतो, त्याच्याकडून कन्नडात अर्ज लिहून घेतला आणि आत देऊन आलो. विषय, रायव्हल ही नोंद कमी करणेबाबत. मजकूर असा, 'मी, वीरण्णा, अंबाजी याचा रायव्हल नव्हतो, नाही, व पुढे होणार नाही. सबब तशी नोंद कुठे झाली असल्यास ती कमी करण्यात यावी.'

शरणप्पानं विचारलं, "रायव्हल म्हंजी काय हो मालक?"

मी म्हणालो, "तुला काय करायचंय? लिही."

"पहाणीच्या उताऱ्यात असतंय का हे?"

"पहाणीत येऊ न्हाई म्हणूनच अर्ज द्यायलोय."

त्याला पटलं. त्यानं दोन ठिकाणी अंगठा आणि तीन ठिकाणी सही घेतली. सही येते म्हटल्यावर अंगठा कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाला, असू द्या.

तुझ्या आजीला घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "चाळीस वर्स भांडलाव, आता कागुद लिहून मी तो न्हव्हंच म्हणायलाव? जनाची न्हाई तर मनाची तरी." तिला कायदा कळत नाही.

आणखी एक. तुझ्या खोलीतली ती मुलगी कोण, कुठली? माझी पत्रं तिला वाचायला देऊ नकोस. गोष्ट बाहेर फुटते.

तुझा मुत्त्या,
वीरण्णा


कडगंची
१९ ऑक्टोबर २०२४

मुत्त्या, शरणु शरणार्थी.

हे तुम्ही काय करून बसलात?

रोमन लोकांचं राज्य बुडून दीड हजार वर्षं झाली. तो कायदा हळ्ळीखेडला लागू नाही, हुमनाबादलाही नाही. मी फक्त एका शब्दाची गोष्ट सांगितली होती. साहेबही शब्द सहज बोलून गेले असतील, त्यांनी कुठेही नोंद केलेली नाही. जी नोंद झालीच नाही ती कमी कशी होणार?

माझं ऐका आणि अर्ज मागं घ्या. तो अंबाजीमुत्त्यांच्या वाचनात आला तर त्यांना काय वाटेल, याचा तरी विचार करा.

परवा कोजागिरी झाली. बांध घालायला सुरुवात केली असेल ना? ते आधी कळवा. खोलीतली मुलगी चांगली आहे, तिची काळजी नको.

तुमची,
सुधारानी


हळ्ळीखेड (बी)
३ नोव्हेंबर २०२४

चि. सुधारानीस आशीर्वाद.

तुझ्या पत्राला दोन आठवडे उत्तर दिलं नाही. काय लिहावं ते सुचत नव्हतं.

अर्ज मागं घ्यायला मी गेलोच होतो. पण कचेरीतून त्याची एक प्रत आधीच आमच्या पंचायतीला गेली होती. कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी, असा शिक्का मारून ती दारावर चिकटवली होती. ज्याला वाचता येतं त्यानं वाचली, ज्याला येत नाही त्यानं वाचून घेतली. अंबाजीनं दोनदा वाचून घेतली म्हणतात.

आता ऐक. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मी गोण्यांत माती भरून ओढ्यावर गेलो. अंबाजी आला नाही. मला वाटलं, उशीर झाला असेल. मी माझं काम चालू ठेवलं. तिसऱ्या दिवशीही नाही. सहा दिवसांत मी काळ्या धोंड्यापर्यंत माझा अर्धा बांध पुरा केला. पलीकडचं अर्धं तसंच मोकळं आहे. ओढ्याला माझ्या अर्ध्या बांधाचं काहीच वाटत नाही. माझ्या बाजूला येऊन जरा थांबतो, मग वळसा घालून त्याच्या बाजूनं निघून जातो. चार एकर हरभरा उगवून वर आला आहे आणि पाणी रोज डोळ्यांदेखत खाली चाललंय. मार्गशीर्षात ओढा आटतो. त्याच्या आत बांध जुळला नाही, तर फुलात आलेला हरभरा वाळून जाईल. अंबाजीचाही जाईल. त्यानं तर तीन एकर जास्त पेरला आहे.

शिवमामा म्हणतो, जेसीबी लावून एका तासात सगळा बांध घालू. पण अंबाजीच्या काठाला त्याच्या परवानगीशिवाय हात कसा लावायचा? आणि परवानगी मागायची कुणी?

पण हे काहीच नाही. दिवाळीच्या पाडव्याला तो मला मारुतीच्या पारापाशी भेटला. एरवी तो मला कसा बोलावतो तुला माहीत आहे. 'ए वीरण्ण्या, मेलास का अजून न्हाई?' अशी त्याची सुरुवात. त्या दिवशी त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "नमस्कार, वीरण्णासाहेब. तब्येत बरी हाय न्हवं तुमची?"

तुमची! सुधारानी, मला तुमची म्हणाला! मी म्हणालो, "बांध... बांध घालायचा न्हाई का?"

"तुमचं चालू द्या साहेब. आम्ही तुमचे कोण?" असं म्हणून तो वाट सोडून बाजूला झाला. मला आधी जाऊ दिलं. चाळीस वर्षांत त्यानं मला कधी वाट दिली नव्हती.

घरी आलो आणि पडून राहिलो. तुझी आजी म्हणाली, "ताप न्हाई, खोकला न्हाई, काय झालंय?" मी सांगितलं, अंबाजी मला साहेब म्हणाला. तीही खाली बसली.

काही तरी सुचव. तू शिकलेली आहेस.

तुझा मुत्त्या,
वीरण्णा


कडगंची
९ नोव्हेंबर २०२४

मुत्त्या, शरणु शरणार्थी.

आधी कबुली देते, मग काय रागवायचं ते रागवा. माझ्या खोलीतल्या मुलीचं नाव तेजश्री. ती अंबाजीमुत्त्यांची नात. जूनपासून आम्ही एकाच खोलीत राहतो, एकच बादली वापरतो, आणि कुणाची पाळी आधी यावरून रोज भांडतो. तुम्ही मला होस्टेल बदलायला लावाल म्हणून सांगितलं नाही. तिनंही घरी सांगितलेलं नाही.

आता तिच्याकडून कळलेलं लिहिते. झेंडावंदनाच्या दिवशी अंबाजीमुत्त्यांनाही काही कळलं नव्हतं. कळल्यासारखं हसत होते ते तुम्ही बघत होतात म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेजश्रीला फोन करून अर्थ विचारला. मी तुम्हाला लिहायच्या आधीच तिनं त्यांना ओढ्याची गोष्ट सांगितली होती. तीच गोष्ट मी तुम्हाला लिहिली, म्हणजे खरं तर मूळ तिनं शोधलं, श्रेय मी घेतलं. त्यांनी तिच्याकडून ती दोनदा ऐकली म्हणे. मग म्हणाले, "म्हंजी साहेबाला कळलं. आमच्या पोरास्नी कळंना, पर साहेबाला कळलं." आठ दिवस ते भेटेल त्याला सांगत होते, वीरण्णा माझा रायव्हल हाय.

आणि मग पंचायतीच्या दारावर तुमचा कागद लागला. नव्हतो, नाही, व पुढे होणार नाही.

तेजश्रीनं त्यांना समजवायचा प्रयत्न केला. ते एवढंच म्हणाले, "भांडण मोडलं असतं तर जोडलं असतं. त्यानं मलाच खोडून टाकलं."

काय करायचं ते मी सुचवणार नाही. मी एकदा एका शब्दाचा अर्थ सांगितला तर काय झालं ते बघितलंत. ओढ्यावर तुम्ही दोघं आहात, आम्ही इथं लांब आहोत.

तुमची,
सुधारानी

ता. क. तेजश्री विचारते, तुम्ही रागावलात तर लहानपणी खाल्लेली त्यांच्या बोरीची बोरं सुधारानीनं परत द्यायची का?


हळ्ळीखेड (बी)
१२ डिसेंबर २०२४

चि. सुधारानीस व चि. तेजश्रीस आशीर्वाद.

पुन्हा महिना उलटला, पुन्हा माफी. या वेळी हाताला फोड आले होते, पेन धरता येत नव्हतं.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस रागात होतो. तिसऱ्या दिवशी ओढ्यावर गेलो. अंबाजीची माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. तो त्याच्या रानात निंदत होता. मला पाहून त्यानं लांबूनच हात जोडले. ते जोडलेले हात बघितले आणि माफी राहूनच गेली. मी एक गोणी उचलली आणि काळ्या धोंड्याच्या पलीकडे टाकली. त्याच्या वाटणीत. मग दुसरी टाकली. सहाव्या गोणीला पलीकडून आवाज आला.

"ए वीरण्ण्या! कुठं टाकायलास?"

सुधारानी, काय सांगू तुला. कानाला इतकं बरं वाटलं!

मी म्हणालो, "माझ्या हद्दीत टाकायलोय."

"धोंडा दिसंना व्हय तुला? डोळे फुटले काय?"

"धोंडा सरकलाय."

"धोंडा कामून सरकंल? चाळीस वर्स तू तसूभर सरकला न्हाईस, आन धोंडा सरकला म्हणं!" तो खुरपं हातात घेऊनच ओढ्यात उतरला. गुडघाभर पाण्यातून माझ्यापुढं येऊन उभा राहिला. मग त्याचा आवाज खाली आला. "आन तू तर माझा कोण न्हाईस. कागुद दिलास न्हवं सरकारात? मग माझ्या वाटणीचा बांध कोण म्हणून घालायलास?"

मी म्हणालो, "चुकून."

"गोणी चुकून, का कागुद चुकून?"

"दोन्ही."

त्यानं खुरपं कमरेला खोचलं. मग म्हणाला, "ह्या सहा गोण्या आधी उचल. उद्या गावात सांगशील, अंबाजीचा बांध मी घातला म्हणून."

मी सहाही गोण्या उचलल्या. त्यानं त्याच जागी स्वतःच्या सहा ठेवल्या. चार दिवसांत त्यानं आपलं अर्धं पुरं केलं. मी काठावर उभा राहून चुका काढत होतो. मधली हातभर जागा राहिली, तिच्यावरून दोन दिवस नेहमीसारखं झालं. या वर्षी जरा जास्तच, कारण मागची थकबाकी होती. तिसऱ्या दिवशी ती बुजवायला लागलो, तर माती टिकेना. उशिरा सुरुवात केली, त्यात पाणी एकाच बाजूनं वाहून खाली घळ पडली होती. गोणी टाकली की गोणी वाहून जायची. अंबाजी तडक गावात गेला आणि पंचायतीतली शाल घेऊन आला. शिपाई मागं मागं ओरडत होता.

मी म्हणालो, "अरे, सत्काराची शाल हाय ती!"

तो म्हणाला, "सत्कार दोघांचा, भोक बी दोघांचं."

शालीत माती बांधून आम्ही दोघांनी ते गाठोडं दाबून बसवलं. ते बसलं. संध्याकाळपर्यंत पाणी वीतभर चढलं, दुसऱ्या दिवशी हातभर. आता दोन्हीकडच्या मोटारी चालू आहेत आणि हरभरा फुलात आहे. मात्र आपल्या पाळीच्या दिवशी तो मोटार अर्धा तास उशिरा बंद करतो. त्याबद्दल तेजश्रीनं त्याला फोन करून सांगावं.

आता मुख्य गोष्ट. परवा कचेरीतून उत्तर आलं. 'आपल्या अर्जात नमूद केलेली रायव्हल ही नोंद अभिलेखात आढळून येत नाही. सदर नोंद कमी करावयाची असल्यास ती अस्तित्वात असल्याचा पुरावा सादर करावा.' शिवमामा हसून लोळला. मी ते उत्तर घेऊन ओढ्यावर गेलो आणि अंबाजीला वाचून दाखवलं.

तो हसला नाही. म्हणाला, "म्हंजी आपून कुठंच लिहिलेलो न्हाई व्हय?"

तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. माझं शहात्तर संपलं, त्याचं एक वर्ष जास्त आहे. शिवमामाला काळा धोंडा कुठला ते माहीत नाही. अंबाजीच्या मुलाला तर ओढ्यात उतरायचीच भीती वाटते. आम्ही गेल्यावर या काठाचा माणूस त्या काठाच्या माणसाचा कोण, हे कुणाला कळणार? म्हणून आमचं ठरलं आहे. नोंद कमी करायची नाही, करून घ्यायची. अर्ज शरणप्पाच लिहील. माझी सही, अंबाजीचा अंगठा. नाव कुणाचं आधी, एवढंच ठरायचं राहिलं आहे.

पण पुरावा लागेल. तेव्हा त्या पुस्तकाचं पान, ज्यात ओढ्याचा अर्थ छापला आहे, ते उतरवून घे, त्यावर तुझ्या सरांची सही आणि कॉलेजचा गोल शिक्का घे, आणि रजिस्टर पोस्टानं पाठव. शिक्का पुसट उठू देऊ नकोस. त्या दिवशी सर आम्हाला बघायचं म्हणाले होते, त्यांनाही वेळ अमावस्येला, रानातल्या जेवणाच्या सणाला, घेऊन या. तीस तारखेला आहे. आमची पूजेसाठी उभारलेली कडब्याची कोप या काठावर, त्याची त्या काठावर. तुम्ही दोघींनी दोन्हीकडं जेवायचं आणि कुणाच्या घरची आंबील चांगली ते खरं सांगायचं. तुझ्या आजीनं मडकं आत्ताच काढून ठेवलं आहे, पलीकडून कळलं की त्यांनी याहून मोठं काढलं आहे.

तर पत्र लवकर पाठव. रोज पोस्टमनची सायकल दिसली की अंबाजी त्या काठावरून ओरडतो, "आलं का रं?" मी न्हाई म्हणून सांगतो, आणि त्याला वाटतं मी लपवायलोय. तेवढ्यासाठी तरी उशीर करू नकोस.

तुझा मुत्त्या,
वीरण्णा
(अंबाजीचा रायव्हल. नोंद व्हायची आहे.)